भाग नवा, वेग जुनाच : सुधारणेनंतरही संगणक मंद का चालतो?

हरियाणातील पानिपत शहराबाहेर काला अंब नावाचे ठिकाण आहे. काळ्या पडलेल्या एका आंब्याच्या झाडावरून हे नाव पडल्याचे सांगितले जाते. ते झाड आज नाही. त्या जागी स्मारकस्तंभ उभा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी याच परिसरात मराठी फौज अहमदशाह अब्दालीशी लढली. सदाशिवरावभाऊंजवळ इब्राहिमखान गारदी यांचे कवायती पायदळ व अवजड तोफखाना होता आणि १७६० साली उदगीरला निजामाविरुद्ध त्याचा प्रत्ययही आला होता. तथापि मराठी सैन्याचे बळ हलक्या घोडदळाच्या चपळाईत होते. तोफा, पायदळ आणि सोबतचे यात्रेकरू व बाजारबुणगे यांच्या चालीने चालताना ती चपळाई हरवली. पराभवाची कारणे अनेक आहेत, रसद तुटणे हे त्यांतील मोठे. परंतु घोड्यांना तोफांच्या गतीने चालावे लागले, हेही खरे.

तुलना लहान तोंडी मोठा घास वाटेल, परंतु कार्यालयातील संगणकाचे नेमके असेच होते. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसारित होतो. त्या सकाळी संगणक सुरू होण्यातच वेळ गेला, तर फवारणीचा निर्णय घेणारा शेतकरी ताटकळतो. म्हणून केंद्र खर्च करून रॅम वाढवते, आणि वेग मात्र जैसे थे राहतो, क्वचित घटतोही.

याचे सर्वांत साधे कारण मिश्र रॅम हे होय. जुनी पट्टी २४०० वेगाची व नवी ३२०० ची असेल, तर दोन्ही २४०० नेच चालतात. पट्ट्या चुकीच्या खाचांत बसविल्या, तर दुहेरी मार्गाचा लाभही मिळत नाही. योग्य जोडी मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीपलीकडील रॅम व्यर्थ जाते.

मुळात रॅम हीच अडचण होती का, हे आधी पाहिलेले नसते. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी अर्धी रिकामी आणि डिस्क सतत १०० टक्क्यांजवळ दिसत असेल, तर दोष हार्ड डिस्कचा समजावा. सर्वसाधारण सॅटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट वाचते; फिरत्या हार्ड डिस्कचा वेग त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका असतो आणि लहान लहान फायली शोधताना तो आणखी कोसळतो. एसएसडी बसवूनही फरक जाणवत नसेल, तर विंडोज अजून जुन्या डिस्कवरूनच सुरू होत आहे का, हे तपासावे. तंत्रज्ञ नवी डिस्क जोडून देतो, विंडोज हलवायची राहून जाते आणि कार्यालय ती केवळ छायाचित्रे साठवायला वापरते!

सर्वाधिक चकवणारे कारण उष्णता. कॅबिनेट उघडताना पंख्याची वायर सुटते, प्रोसेसरवरील उष्णताशोषक पट्टा सैल होतो, किंवा प्रोसेसर बदलताना वाळलेली थर्मल पेस्ट तशीच राहते. तापमान वाढले की प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. खूण ओळखण्याजोगी आहे : सुरुवातीची काही मिनिटे काम सुरळीत चालते, मग पंखा घरघरू लागतो आणि सारे मंदावते. अशा वेळी टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरचा चालू वेग काम सुरू असतानाही मूळ वेगापेक्षा बराच खाली दिसतो. विदर्भातील मे महिन्यात, धान्याच्या व मातीच्या धुळीने भरलेल्या खोलीत हे विशेष संभवते. कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवण्याची आपल्याकडील सवय त्यात भर घालते.

बदलानंतर पहिले एक-दोन दिवस विंडोजची अद्ययावत आवृत्ती, फायलींची सूची व विषाणूतपासणी पार्श्वभूमीवर चालू असू शकते. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. केवळ शासकीय पोर्टलच सावकाश उघडत असेल, तर तेच पोर्टल त्याच जोडणीवरील दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. तेथेही तोच अनुभव आला, तर दोष इंटरनेटचा किंवा पोर्टलचा असतो आणि नवे भाग घेण्याचा खर्च वाचतो.

दुरुस्तीपूर्वी शेतकऱ्यांच्या याद्या व माती परीक्षणाच्या नोंदी बाहेरील डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्यानंतर वीजजोडणी काढून नवी रॅम पट्टी तेवढी बाजूला करावी आणि संगणक पूर्वीसारखा चालतो का, ते पाहावे. एका वेळी एकच भाग बदलावा, अन्यथा कशाने फरक पडला हे कळत नाही. पट्टीविषयी शंका उरल्यास ती परत बसवून विंडोज मेमरी डायग्नोस्टिक ही चाचणी संध्याकाळी सुरू करून ठेवावी. त्रुटी असल्यास सकाळी पडद्यावर सूचना दिसते. पट्टी बदलून घ्यायची वेळ आल्यास मदरबोर्डचे नाव व जुन्या पट्टीवरील लेबलचे छायाचित्र दुकानात दाखवावे.