दप्तराची शाई

चि. माधव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तहसील कचेरीत लिपिक म्हणून तू रुजू झाल्याचे वाचून सर्वांस समाधान वाटले. सरकारी कागद निळ्या शाईने लिहावा की काळ्या, हा तुझा प्रश्न क्षुल्लक समजू नकोस. कारण दप्तरातला कागद अखेरीस ज्याच्यापुढे उघडला जातो तो मनुष्य आपल्याला बहुधा कधीच भेटत नाही, आणि कोणी लिहिले, केव्हा लिहिले व ते कायम झाले होते की नाही, याची साक्ष आपल्यामागे शाईलाच द्यावी लागते.

प्रथम टिकाऊपणा पाहा. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमाल सोडले म्हणजे बोरूची अक्षरे आजही काळीभोर दिसतात, याचे कारण काजळ आणि डिंक यांच्या शाईतला कोळसा काळाने विटत नाही. भय काय ते पाण्याचे. इंग्रजी अमदानीत रूढ झालेली निळी-काळी शाई मायफळातील टॅनिन आणि हिराकस यांच्या संयोगाने बनत असे. लिहिताना ती फिकट असे, म्हणून तीत निळा रंग घालीत. पुढे हवा लागून ती कागदाच्या तंतूंतच काळी होऊन बसे आणि मग पाण्याला दाद देत नसे. आजच्या बॉलपेनची शाई रसायनाने पुसता येते. सबब धनादेश, करारनामा अशा पैशाच्या वा हक्काच्या कागदास रंगकण असलेली जेल शाई बरी. उष्णतेने अदृश्य होणारी शाई तर कचेरीच्या मेजावरही नको.

मजकूर काळ्या शाईत लिही, म्हणजे छायाप्रतीत तो स्पष्ट उमटेल. सही निळ्या शाईने कर, म्हणजे काळ्या छायाप्रतीहून मूळ कागद तत्काळ ओळखू येईल. नमुन्यावरच एखाद्या शाईची सूचना छापलेली असेल, तर तीच प्रमाण मान. हिरव्या व लाल शाईचा मोह मात्र धरू नकोस. केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीतही टिप्पणी निळ्या वा काळ्या शाईतच लिहावयाची असून हिरव्या-लाल शाईची मुभा क्वचित प्रसंगी सहसचिव व त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांस आहे. कारण वरिष्ठांचा शेरा कोणता आणि कारकुनाची टिप्पणी कोणती, हे पाहताक्षणी कळले पाहिजे.

सातबारा संगणकावर येण्यापूर्वी तलाठी त्यावर फेरफाराची नोंद प्रथम पेन्सिलने करीत आणि मंडल अधिकाऱ्याने ती प्रमाणित केल्यावरच शाईने कायम करीत. केवळ प्रस्तावित ते पेन्सिलीत आणि सिद्ध झालेले ते शाईत, हा विवेक त्या पद्धतीत होता. तो तू आपल्या कामात बाळग. शाईने लिहिलेले चुकले तर खरवडू नकोस, पांढरा लेप लावू नकोस. जुना शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती, लघुस्वाक्षरी व तारीख घाल. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम २० हेच सांगते: दस्तात खाडाखोड, ओळींमधला मजकूर वा कोरी जागा असेल आणि तेथे लिहून देणाऱ्याची सही वा लघुस्वाक्षरी नसेल, तर नोंदणी अधिकारी तो दस्त नाकारू शकतो. कित्येक कुटुंबांची जमीन अशा एका निनावी खाडाखोडीपायी वादात पडते, हे ध्यानी ठेवून लेखणी उचलत जा.

कळावे. हे आशीर्वाद.

तुझा,
मामा