घरच्या शिपायाचे नाव

सातारा आणि सांगलीकडे गावोगाव मिलिट्रीत गेलेली माणसे आहेत. कुणाचा मुलगा सरहद्दीवर आहे. कुणाचा दीर पेन्शनीत आला आहे. सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. तिथून पिढ्यान् पिढ्या लोक सैन्यात गेले. म्हणून त्या गावाला 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात.

आज आपण साताऱ्याच्याच एका शिपायाची हकिकत वाचू. मग आपल्या घरच्या शिपायासाठी आपल्याला काय करता येईल, ते पाहू.

केडंबे गावचे तुकाराम

जावळी तालुका डोंगराळ आहे. त्या तालुक्यात केडंबे हे गाव आहे. तुकाराम गोपाळ ओंबळे हे या गावचे. ते सैन्यात भरती झाले. सिग्नल विभागात त्यांनी नोकरी केली. एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी बिनचूक पोहोचवायचा, हे या विभागाचे काम. नायक या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले.

निवृत्त झाल्यावर ते मुंबईच्या पोलिसांत गेले. अंगावरचा पोशाख बदलला. सेवा चालूच राहिली. २००८ साली ते सहायक फौजदार होते.

ती रात्र

२६ नोव्हेंबर २००८. त्या रात्री दहा अतिरेकी समुद्रावाटे मुंबईत शिरले. ते पाकिस्तानातून आले होते. त्यांनी रेल्वे स्टेशनात, हॉटेलांत आणि रस्त्यावर गोळ्या झाडल्या. गावी जायला गाडीची वाट पाहत बसलेली साधी माणसे जागीच गेली. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारीही त्या रात्री पडले. हा हल्ला २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालला. एकंदर १६६ माणसे मेली. साऱ्या देशाला सुतक आले.

मध्यरात्र उलटली होती. गिरगाव चौपाटीजवळ पोलिसांनी रस्ता अडवला होता. तिथे एक मोटार आली. आत दोघे अतिरेकी होते. एक तिथेच मारला गेला. दुसरा कसाब. त्याच्या हातात रायफल होती. तुकारामांच्या हाती होती फक्त लाठी.

तुकाराम पुढे झाले. त्यांनी रायफलीची नळी दोन्ही हातांनी पकडली. गोळ्या त्यांच्या अंगात शिरल्या. तरी त्यांनी नळी सोडली नाही. तेवढ्यात त्यांच्या सोबत्यांनी कसाबला जिवंत धरले. तुकाराम मात्र वाचले नाहीत.

त्या दहांपैकी जिवंत सापडला तो हा एकटाच. म्हणून कट कुठे शिजला, माणसे कुणी धाडली, हे कोर्टापुढे आले. खटला रीतसर चालला. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कसाबला फाशी झाली. तुकारामांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. शांततेच्या काळात गाजवलेल्या शौर्यासाठी दिला जाणारा हा सर्वांत मोठा मान आहे.

दगडावर आकडा, नाव नाही

तुकारामांचे नाव देशाला ठाऊक आहे. पण सगळ्यांच्याच वाट्याला असे नाव येत नाही.

पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ या काळात झाले. आपल्याकडची पुष्कळ माणसे त्यात गेली. इंग्रज सरकारने मागाहून बऱ्याच गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले, असे त्यांवर लिहिलेले असते. आकडा असतो. नावे बहुधा नसतातच.

आज त्या घरी जाऊन विचारा, "आजा कोणत्या पलटणीत होता?" उत्तर येते, "कुणाला ठावं! मिलिट्रीत व्हता, एवढं खरं." माणूस गेला आणि मागून त्याची आठवणही गेली. का गेली? घरात कुणाला लिहिता येत नव्हते म्हणून.

आता तुम्हाला लिहिता येते.

एक वही करा

घरच्या शिपायासाठी एक वही घाला. तिच्यात त्याचे पूर्ण नाव, सैन्यातला नंबर आणि पलटण लिहा. भरतीची व निवृत्तीची तारीख लिहा. तो कुठे कुठे राहिला, कोणती पदके मिळाली, हे त्यालाच विचारून लिहा. म्हातारा माणूस असेल तर आजच विचारा. उद्यावर टाकू नका.

घरच्या बाईचीही हकिकत लिहा. धनी सरहद्दीवर उभा होता, तेव्हा पेरणी कुणी केली? सासू-सासऱ्यांचे दुखणे-खुपणे कुणी काढले? तीही सेवाच आहे.

डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम एका पेटीत नीट ठेवा. त्यांत बायकोचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते स्वतः वाचून पाहा. चूक असेल तर धनी हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. नाहीतर पुढे कुटुंबाच्या पेन्शनीला अडचण येते. यासाठी सातारा आणि सांगली, दोन्ही ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पेन्शनवाल्यांनी दर साली नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तोही विसरू नका.

२६ नोव्हेंबरला दिवा लावाल, हात जोडाल. ते चांगलेच आहे. पण त्या दिवशी वहीत चार ओळीही लिहा. नातवंडांना त्या वाचता येतील.

शब्द समजून घ्या

हुद्दा – नोकरीतला दर्जा
मरणोत्तर – मेल्यानंतर
हयात – जिवंत

उत्तरे लिहा

१. तुकाराम ओंबळे कोणत्या गावचे?
२. कसाब जिवंत सापडला, त्याचा काय उपयोग झाला?
३. दगडी पाट्यांवर बहुधा काय नसते?
४. तुमच्या घरातून किंवा भावकीतून सैन्यात कोण गेले? त्यांची नावे लिहा.