टीव्हीवरचा राक्षसलोक खिशात कसा मावला?

प्रश्न : सुट्टीत भाचा पुण्याहून आला आहे. त्याच्याकडे पीएसपी नावाचं, हातात धरून खेळायचं एक जुनं यंत्र आहे. त्यावर तो ‘डिसगाया’ नावाचा जपानी गेम खेळतो. राक्षस, देवदूत आणि पेंग्विन एकाच पटावर लढत असतात आणि हा मधेच मोठ्यानं हसतो. गेम मूळचा टीव्हीवर खेळायचा होता म्हणे. मग तो एवढ्याशा यंत्रात आला कसा? बराचसा कापून टाकला असेल ना? शिवाय जेवायला हाक मारली की ‘आत्ता थांबवता येत नाही’ म्हणतो. हे खरं की बहाणा? – एक वाचक, राइट टाउन, जबलपूर

उत्तर : ताई, तुमच्या शंका तीन आहेत: गेम लहान यंत्रात मावला कसा, भाचा उठत का नाही आणि तो हसतो कशाला. एकीचं उत्तर दुसरीत गुंतलेलं आहे, म्हणून ओळीनं घेऊ.

आधी गेमची जन्मकथा. जपानच्या गिफू प्रांतात काकामिगाहारा नावाचं शहर आहे. तिथल्या ‘निप्पॉन इची सॉफ्टवेअर’ या कंपनीनं जानेवारी 2003 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन 2 साठी डिसगाया काढला. ते यंत्र टीव्हीला जोडायचं. नोव्हेंबर 2006 मध्ये तोच गेम जपानमध्ये पीएसपीवर आला आणि पुढच्या वर्षी, 2007 च्या अखेरीस, ‘डिसगाया : आफ्टरनून ऑफ डार्कनेस’ या नावानं इंग्रजीत निघाला. भाच्याकडे बहुधा हाच असणार. 2008 मध्ये निन्टेंडोच्या दोन पडद्यांच्या डीएसवरही तो गेला.

एका यंत्रासाठी केलेला गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करण्याला त्या धंद्यात ‘पोर्ट’ म्हणतात. इथे पहिला गैरसमज असतो, की पोर्ट म्हणजे नुसती नक्कल. एका डिस्कवरून उचलायचं, दुसरीवर टाकायचं, झालं. तसं होत नाही. मोठ्या नाट्यगृहात गाजलेलं नाटक दौऱ्यावर लहान गावच्या सभागृहात जातं, तेव्हा संहिता तीच राहते, पण नेपथ्य त्या रंगमंचाच्या मापानं पुन्हा उभं करावं लागतं आणि प्रकाशयोजनाही नव्यानं बसवावी लागते. पोर्टचं काम असंच असतं. कथा, पात्रं, नियम आणि संगीत तेच ठेवून चित्र दाखवणारा, आवाज ऐकवणारा आणि बटणं ओळखणारा भाग नव्या यंत्रासाठी बेतावा लागतो.

पीएसपीच्या बाबतीत हे काम त्या मानानं सोयीचं होतं. प्लेस्टेशन 2 आणि पीएसपी या दोन्हींचे मुख्य प्रोसेसर ‘मिप्स’ नावाच्या एकाच घराण्यातले. प्लेस्टेशन 2 चा साधारण 295 मेगाहर्ट्‌झचा, तर पीएसपीचा 333 मेगाहर्ट्‌झपर्यंत पळणारा. मुख्य मेमरी दोन्हीकडे 32 मेगाबाइट. नंतरच्या पीएसपीत तर ती 64 झाली. चित्र काढणारी चिप मात्र अगदी वेगळी, त्यामुळे खरी मेहनत तिथे. पण पीएसपीचा पडदा 4.3 इंचांचा आणि त्यावर बिंदू फक्त 480 गुणिले 272. टीव्हीपेक्षा कमी बिंदू रंगवायचे असल्यानं ओझं आपोआप उतरतं.

गेमच्या घडणीनंही हात दिला. डिसगायाचा पट त्रिमितीय असला तरी त्यावरची पात्रं सपाट, हातानं रंगवलेली लहान चित्रं आहेत. केसाच्या बटेपर्यंत खरी वाटणारी माणसं दाखवायचा त्याचा आग्रह नाही. अशी चित्रं थोडक्या जागेत राहतात आणि छोट्या पडद्यावर उठूनही दिसतात. पीएसपीत यूएमडी नावाची चिमुकली डिस्क बसते. तिच्यात 1.8 गिगाबाइटपर्यंत माहिती मावते, म्हणजे ती दिसते तेवढी लहान नाही.

आता तुमचा ‘कापून टाकला असेल’ हा तर्क. यंत्र लहान म्हणून गेम लहान, असं बऱ्याच जणांना वाटतं. पीएसपीवर उलटच घडलं. मूळ सगळं राहिलं आणि वर भर पडली. मूळ कथेत एटना नावाची नोकराणी आपल्या झोपलेल्या धन्याला हत्यारं वापरून उठवत असते. पीएसपीवर ‘एटना मोड’ नावाचा वेगळा खेळ मिळतो. त्यात ती उठवता उठवता धन्याला चुकून मारून टाकते आणि तिथून पुढे सगळी गोष्ट तीच चालवते. शिवाय दोन पीएसपी जवळ आणून दोघांना एकमेकांविरुद्ध खेळता येतं. डीएसच्या बाबतीत मात्र तुमचा अंदाज थोडा बरोबर ठरतो. त्या कार्डात जागा कमी, म्हणून पात्रांचे बोललेले संवाद कमी करावे लागले. बदल्यात दुसऱ्या पडद्यावर जास्तीची माहिती दिसायची सोय झाली.

माझ्या मते मात्र जमलं ते निव्वळ चिप आणि डिस्कमुळे नाही. हा गेम पाळीपाळीनं खेळायचा आहे. चौकोनी घरांचा पट, आपली जास्तीत जास्त दहा पात्रं, एकेकाला किती घरं हलवायचं आणि कुणी कुणावर वार करायचा हे आपण ठरवायचं. मग शत्रूची पाळी. बुद्धिबळाचं रक्त यात आहे हे तुम्हाला लगेच जाणवेल. आपलं चतुरंग पश्चिमेकडे जाऊन बुद्धिबळ झालं आणि पूर्वेकडे जपानमध्ये शोगी झालं. पटावर विचार करून मोहरा हलवण्याची जपानी आवड जुनी आहे आणि व्हिडिओ गेममध्येही ती 1990 च्या ‘फायर एम्ब्लेम’पासून रुजलेली दिसते. अशा गेममध्ये बोटांची चपळाई लागत नाही. रिक्षाचा धक्का बसला, कुणी हाक मारली, मान वर केली, तरी शत्रू तुमच्या चालीची वाट पाहत उभा असतो. टीव्हीसमोर मांडी ठोकून बसण्यापेक्षा असा डाव हातातल्या यंत्रावर जास्त शोभतो. म्हणूनच ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’सारखा 1997 चा नावाजलेला गेमही 2007 मध्ये पीएसपीवर नव्यानं आला.

मग भाचा उठत का नाही? इथे त्याची बाजू अर्धी खरी आहे.

डिसगायात लढाई सुरू असताना डाव जतन करता येत नाही. त्यातच ‘आयटम वर्ल्ड’ नावाची एक अफाट कल्पना आहे: प्रत्येक वस्तूच्या पोटात एक जग असतं. तलवार अधिक धारदार करायची असेल तर त्या तलवारीच्या आत शिरायचं आणि एकेक मजला जिंकत खाली उतरायचं. साध्या वस्तूत 30 मजले, दुर्मीळ वस्तूत 60 आणि सर्वांत मौल्यवान वस्तूत 100. साधं च्युइंगम घेतलं तरी त्याच्या पोटात 30 मजले असतात! प्रत्येक मजल्याचा पट नव्यानं तयार होतो. दर दहाव्या मजल्यावर बाहेर पडायची वाट मिळते. मधेच बाहेर पडायचं तर त्यासाठीची खास वस्तू जवळ असावी लागते. तुम्ही हाक मारली तेव्हा तो सातव्या मजल्यावर असेल आणि त्यानं यंत्र बंद केलं, तर त्या फेरीची सगळी कमाई बुडते.

पण ‘जतन करता येत नाही’ म्हणजे ‘थांबवता येत नाही’ असं नव्हे, आणि हे भाच्याला पक्कं ठाऊक असणार. पीएसपीची कळ सरकवून लगेच सोडली की यंत्र झोपी जातं. जेवून आल्यावर कळ पुन्हा सरकवली की डाव त्याच घरावर, त्याच चालीवर जागा होतो. टीव्हीच्या मूळ यंत्राला ही सोय नव्हती, आणि शंभर मजल्यांच्या गेमसाठी ती केवढी मोठी हे खेळणाऱ्यालाच कळतं. खबरदारी दोनच: कळ काही सेकंद धरून ठेवली तर यंत्र पूर्ण बंद होतं, आणि झोपेतही बॅटरी थोडी खर्च होत राहते. तेव्हा त्याला निर्धास्तपणे ताटावर बोलवा, फक्त यंत्र चार्जिंगला लावायला सांगा.

राहिलं हसू. हा भाग मला सगळ्यांत आवडतो.

कथेचा नायक लाहार्ल हा राक्षसलोकाचा राजपुत्र. वय 1313 वर्षं, वागणं मात्र हट्टी पोराचं. दोन वर्षांच्या झोपेतून तो उठतो, तर कळतं की वडील वारले आणि सिंहासनासाठी जो तो टपलेला आहे. एवढा बलाढ्य राजा मेला कसा? खाताना घास घशात अडकून! पुढे एक नटवा, स्वतःवर खूष असलेला राक्षस मोठ्या थाटात अवतरतो आणि आपलं भारदस्त नाव सांगतो. लाहार्ल ते ऐकूनच घेत नाही. ‘तू मधल्या टप्प्यावरचा खलनायक’ म्हणून त्याचं नाव ‘मिड-बॉस’ ठेवून टाकतो आणि बिचाऱ्याला शेवटपर्यंत तेच चिकटतं. प्रत्येक प्रकरण संपलं की एटना पुढच्या भागाची जाहिरात करते, आणि तिनं सांगितलेलं त्यातलं काही पुढच्या भागात घडत नाही.

तुम्ही पाहिलेले पेंग्विन म्हणजे ‘प्रिनी’. पाप केलेल्या माणसांचे आत्मे पेंग्विनच्या शिवलेल्या कातड्यात भरलेले. ते पडेल ती हलकी कामं करून पाप फेडतात. त्यांना उचलून फेकलं की त्यांचा स्फोट होतो. हा नुसता विनोद नव्हे, तो नियमही आहे. प्रिनी शत्रूवर नेमका फेकणं हा डावपेच होतो. डिसगायाचं मोठेपण मला इथे दिसतं, की त्याचा विनोद संवादांपुरता थांबत नाही, तो खेळाच्या यंत्रणेत उतरतो. दुसरं उदाहरण ‘डार्क असेम्ब्ली’चं. बाजारात चांगल्या वस्तू याव्यात असं वाटलं तर राक्षसांच्या सभेत ठराव मांडावा लागतो. सभासद विरोधात असतील तर त्यांना वस्तूंची लाच देता येते, आणि तरी ठराव पडला तर सभागृहातच हाणामारी करून तो मंजूर करून घेता येतो. आकड्यांचंही तसंच. बहुतेक गेममध्ये पात्राची पातळी 99 वर थांबते. इथे ती 9999 पर्यंत जाते. वर तिथून पात्राला पुन्हा पहिल्या पातळीवर जन्म घ्यायला लावायचं, म्हणजे ते आणखी बलवान होतं.

विनोदी आहे म्हणजे उथळ किंवा सोपा असेल, हा दुसरा मोठा गैरसमज. पटावर रंगीत घरं असतात आणि त्या रंगांना गुण-दोष चिकटवणारे दगड मांडलेले असतात. योग्य दगड योग्य क्रमानं फोडला की घरांचे रंग एकामागून एक बदलत जातात आणि त्यावर उभ्या शत्रूंना तडाखे बसतात. हे साधायला चांगला शांत डोक्यानं विचार करावा लागतो. भाचा पडद्याकडे एकटक बघत बसलेला दिसला, तर तो बहुधा हेच गणित मांडत असेल.

राक्षस आणि नरक ऐकून काळजी वाटणं साहजिक आहे. अमेरिकेच्या मानांकनात हा गेम तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठी ठरवलेला आहे, तेव्हा भाचा त्याहून लहान असेल तर शेजारी बसून बघा. पण कथा क्रूरपणाचं कौतुक करत नाही. स्वर्गातून राक्षसलोकाच्या राजाला मारायला पाठवलेली फ्लॉन नावाची शिकाऊ देवदूत राक्षसांमध्येही प्रेम असतं का, हे शोधत राहते, आणि सगळी कथा हळूहळू तिच्या प्रश्नाभोवती फिरू लागते. आणखी एक बारकावा: आपल्याच सोबत्याला आपल्या हातून मारलं तर गेम ते गुपचूप मोजून ठेवतो. सर्वांत चांगला शेवट पाहायचा तर तो आकडा शून्य राहावा लागतो. एका प्रिनीची गोष्ट तर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. भाचा तिथवर पोचला नसेल म्हणून इथे सांगत नाही.

शेवटी व्यवहाराचं. जपानमध्ये पीएसपी पाठवणं सोनीनं 2014 मध्ये थांबवलं, त्यामुळे आता यंत्र आणि डिस्क दोन्ही जुन्या बाजारातच मिळणार. घ्यायचंच झालं तर बॅटरी फुगलेली नाही ना आणि डिस्क वाचली जाते ना, हे आधी चालवून बघा. पीएसपीच्या गेमला देशांचं कुलूप नसतं, म्हणून जपानी किंवा अमेरिकी डिस्क भारतातल्या यंत्रावर चालते. जपानी डिस्क मात्र जपानीतच बोलेल. जुन्या यंत्राची दगदग नको असेल तर 2016 पासून हा गेम संगणकावर आहे, आणि ‘डिसगाया 1 कम्प्लीट’ नावाची नव्या चित्रांची आवृत्ती 2018 मध्ये निन्टेंडो स्विच आणि प्लेस्टेशन 4 वर, तर 2020 मध्ये मोबाइलवर आली. एटना मोड या सगळ्यांत आहे. पीएसपीवरचा जतन केलेला डाव मात्र या नव्या आवृत्त्यांत नेता येत नाही, तिथे पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

भाचा पुण्याचा आहे म्हणून त्याला एक विचारा: पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं केलेला ‘राजी’ त्यानं खेळला आहे का? तो पाळीपाळीचा नाही, हाणामारीचा आहे. पण तो उलट वाटेनं गेला. ऑगस्ट 2020 मध्ये आधी हातात धरायच्या स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर पोचला.