पी.पी. नंबर ते आपला नंबर
(नवा मोबाईल फोन सुरू करताना)



गिरगावच्या आणि लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या पिढीला ‘पी.पी. नंबर’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आजच्या विद्यार्थ्यांना मात्र ते सांगावे लागेल. त्या काळी टेलिफोनसाठी अर्ज केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मजल्यावरील एखाद्याच खोलीत किंवा चाळीखालच्या वाण्याच्या दुकानात फोन असे. त्याचाच नंबर आपण नोकरीच्या अर्जावर आणि लग्नपत्रिकेवर घालीत असू व त्यापुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे लिहीत असू. फोन आला की एखादे पोर गॅलरीतून नाव पुकारीत धावे आणि आपण पायांत चपला न घालताच जिना उतरत असू. त्या शेजारधर्माचे मोल मोठे आहे. तो विसरता येणार नाही.

भारतातील पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्यात झाला. त्याच वर्षी मुंबईतही ही सेवा सुरू झाली. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. ते २००३ साली बंद झाले. त्यानंतर हे यंत्र श्रीमंतांच्या गाडीतून उतरून आपल्या खिशात आले. आज फेरीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या हाती ते आहे.

परंतु या काळात नंबराचे काम बदलले, हे आपल्या ध्यानात आले आहे काय? पूर्वी नंबर निरोपासाठी होता. आज तो आपल्या ओळखीचा पुरावा आणि तिजोरीची किल्ली झाला आहे. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ओटीपी म्हणजे एकदाच वापरावयाचा सांकेतिक क्रमांक लागतो आणि तो आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. २०२३ साली म्हाडाने गिरणी कामगार व त्यांच्या वारसांकडून घरांच्या पात्रतेसाठी कागदपत्रे मागविली, तेव्हा ती ऑनलाइन भरण्याची सोय ठेवली होती. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल स्वरूपात देता येतो आणि २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

असे असूनही आपल्या अनेक घरांत पी.पी. पद्धत अद्याप चालूच आहे. बँकेत भाच्याचा नंबर दिलेला असतो, आधारला शेजाऱ्याचा जोडलेला असतो, फोनमधील खाते दुकानातील मुलाने उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नसतो. फोन आपल्या खिशात, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती, असा हा प्रकार आहे. म्हणून नवा मोबाईल सुरू करताना पहिल्या दिवशी काय करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात क्रमाने देत आहोत.

१. दुकानात असताना

फोन लॅमिंग्टन रोडवरून घ्या, दादरहून घ्या किंवा घरपोच मागवा. पक्के बिल अवश्य घ्या. प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. फोन करण्याच्या पडद्यावर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे ओळीने दाबली की तो दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. पडद्यावरील, खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांक जुळतात काय, हे दुकानातच पाहावे.

जुना, वापरलेला फोन घेताना ही काळजी दुप्पट घ्यावी. इंग्रजीतील के, वाय, एम ही तीन अक्षरे, मग एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठविल्यास त्या फोनची माहिती मिळते. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असल्यास ते तेथेच कळते. बिल नसलेला स्वस्त फोन पुढे पोलीस ठाण्याची पायरी चढावयास लावू शकतो.

२. सिमकार्ड आपल्याच नावाचे हवे

सिम ज्याच्या नावावर, नंबर त्याचाच, असे कंपनी समजते. सिम हरवल्यास दुसरे सिम त्यालाच मिळते. आईच्या हाती मोबाईल असेल पण सिम गावी गेलेल्या दिराच्या नावावर असेल, तर अडचणीच्या वेळी आईला कोणीही दाद देणार नाही. म्हणून नवा फोन घेताना नंबरही स्वतःच्या नावावर करून घ्यावा आणि मग तोच बँकेत व आधार केंद्रावर नोंदवावा. आपल्या नावावर एकूण किती सिम चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सेवेवर पाहता येते. अनोळखी नंबर दिसल्यास तेथेच तक्रार करावी.

दुसरी गोष्ट रिचार्जची. ९० दिवस नंबराचा काहीच वापर झाला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि कालांतराने तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग आपल्या बँकेचे संदेश त्या परक्या माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. नंबर बदलला की त्याच आठवड्यात बँकेत जाऊन कळवावे.

३. फोन प्रथम चालू करताना

नवा फोन आठ तास चार्ज केल्याशिवाय लावू नये, असे अजूनही सांगितले जाते. तो नियम जुन्या निकेल बॅटऱ्यांचा होता. आजच्या लिथियम बॅटरीला त्याची गरज नाही. अर्धीअधिक भरलेली असली तरी पुरे.

सिम बसविण्यासाठी खोक्यात एक बारीक पिन असते. फोनच्या कडेला असलेल्या छिद्रात ती दाबली की लहानशी पट्टी बाहेर येते. सिमचा कापलेला कोपरा पट्टीच्या कोपऱ्याशी जुळवून ठेवावा. जोर करू नये. माइकचे छिद्रही तसेच दिसते. त्यात पिन घालू नये.

फोन चालू झाल्यावर तो प्रथम भाषा विचारतो. येथे मराठी निवडण्यात कमीपणा मानू नये. सूचना समजून ‘होय’ म्हणणे आणि न समजता ‘यस’ दाबणे यांत फार फरक आहे. अक्षरे लहान वाटल्यास सेटिंगमध्ये डिस्प्ले या भागात जाऊन ती मोठी करता येतात. टंकलेखन जमत नसेल तर कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलावे. फोन लिहून देतो.

त्यानंतर अँड्रॉइड फोन गुगलचे खाते मागतो आणि आयफोन ॲपलचे. सर्वांत मोठी चूक येथेच होते. घाई असते, मागे गिऱ्हाईक उभे असते आणि दुकानातील मुलगा “मी करून देतो, काका” असे म्हणून भराभर बटणे दाबतो. त्याचा हेतू चांगला असेलही. पण पुढे काही कारणाने फोन पुसून पुन्हा लावावा लागला, तर चोरी रोखण्यासाठीच केलेल्या व्यवस्थेनुसार तो फोन पूर्वीचे खाते किंवा पूर्वीचे कुलूप मागतो. ते ठाऊक नसेल तर मालकालाच आपला फोन उघडता येत नाही. तेव्हा खाते घरी, शांतपणे, स्वतःच्या नावाने उघडावे. खात्याचे नाव व पासवर्ड घरातील वहीत लिहून ती कपाटात ठेवावी. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नये.

सुरुवातीला अद्ययावत करण्याची सूचना आल्यास ती मान्य करावी. त्यात सुरक्षिततेच्या दुरुस्त्या असतात.

४. कुलूप कसे असावे

चाळीत दिवसभर दारे उघडी असत. मोबाईलचे दार तसे उघडे ठेवून चालत नाही. किमान सहा अंकी पिन ठेवावा. १२३४५६ किंवा स्वतःचे जन्मवर्ष नको. आणखी एक सूचना आम्ही मुद्दाम करीत आहोत. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, १९५६ या तारखा व साल आपल्या घरोघरी पाठ आहेत. म्हणून अनेकजण त्यांवरूनच पिन ठेवतात. आदराची भावना रास्त आहे, परंतु आपल्याला ओळखणारा माणूस सर्वप्रथम हेच आकडे लावून पाहील.

बोटाच्या ठशाचे कुलूप सोयीचे असते. तथापि ज्यांनी गिरणीत, बांधकामावर किंवा धुण्याभांड्यांच्या कामात आयुष्य घालविले त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्यांचे ठसे नाकारते. त्यांनी दोन-तीन बोटे नोंदवावीत आणि पिन पाठ ठेवावा. बंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणार नाही अशी सोय सेटिंगमध्ये असते. ती करून घ्यावी. नाही तर कुलूप न उघडताही ओटीपी कोणालाही वाचता येतो.

५. जुन्या फोनातून नव्या फोनात

दोन्ही फोन जवळ ठेवल्यास नंबर, फोटो आणि संदेश नव्या फोनात आणता येतात. जुन्या साध्या फोनातील नंबर बहुधा सिमवर असतात. ते गुगलच्या खात्यात उतरवून घ्यावेत. व्हॉट्सॲप सुरू करताना सहा अंकी सांकेतिक क्रमांक येतो. “चुकून तुमच्याकडे आला, जरा सांगा” असे म्हणून तो मागणारा मित्राच्या नंबरावरून बोलत असला तरी देऊ नये. त्या मित्राचा नंबर आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असण्याचा संभव असतो. जुना फोन विकण्यापूर्वी किंवा मुलांना खेळावयास देण्यापूर्वी त्यातील सर्व माहिती पुसावी आणि खाते काढून टाकावे.

ॲप फक्त फोनमधील अधिकृत दुकानातूनच घ्यावेत. लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेची यादी म्हणून आलेल्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतील, तर ती पत्रिका नसून ॲप आहे, हे ओळखावे व ते उघडू नये. टॉर्चच्या ॲपला आपल्या नातेवाइकांचे नंबर कशाला हवेत, असा प्रश्न प्रत्येक परवानगी देताना विचारावा.

६. पैशाचे व्यवहार

यूपीआय ही पद्धत एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली आणि ३० डिसेंबर २०१६ रोजी ‘भीम’ हे ॲप आले. त्याचे नाव बाबासाहेबांवरून ठेवल्याचे त्या वेळी जाहीर करण्यात आले होते. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या महापुरुषाचे नाव ॲपला आहे, याचा आपल्याला अभिमान वाटेल. परंतु पैशांचे रक्षण नाव करीत नाही, पिन करतो.

येथे एकच नियम पाठ करावा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीही नसतो. “तुमचे पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका” असे कोणी म्हणाले तर तो आपल्याकडून पैसे घेत आहे, असे निश्चित समजावे. तसेच पोलीस किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक करीत नाही. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. भीती घालणारा फोन सरळ बंद करावा.

पहिल्या दिवशी व्यवहार करून पाहावयाचा असल्यास घरातल्याच माणसाला एक रुपया पाठवावा. निवृत्तीची किंवा शिष्यवृत्तीची रक्कम जेथे जमा होते ते मोठे खाते यूपीआयला न जोडता, थोडी रक्कम असलेले वेगळे खाते जोडणे अधिक सुरक्षित.

७. फोन हरवल्यास

दादर स्थानकाच्या पुलावरील गर्दीत फोन जाणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा वेळी रडत बसू नये. पुढील क्रम ठेवावा. दुसऱ्याच्या फोनवरून मोबाईल कंपनीला कळवून सिम बंद करावे. बँकेला सांगून व्यवहार थांबवावेत. पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. त्याच नंबरचे नवे सिम घ्यावे. त्यावर सुरुवातीचे २४ तास संदेश येत नाहीत, त्याने घाबरू नये. मग तक्रारीची प्रत, बिल आणि आयएमईआय क्रमांक यांच्या आधारे ‘संचार साथी’वर तो फोन बंद करण्याची विनंती नोंदवावी. म्हणजे कोणत्याही कंपनीचे सिम घातले तरी तो चालत नाही.

खात्यातून पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. चोराने रक्कम पुढे हलविण्यापूर्वी ती गोठविता यावी, यासाठीच ही सोय आहे. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणारा माणूस ती संधी घालवितो. फसविला गेलेला माणूस गुन्हेगार नसतो, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावे.

विद्यार्थ्यांना विनंती

घरात नवा फोन आला की सर्वजण तुमच्याकडे पाहतात. तुम्हीही दोन मिनिटांत सर्व लावून देता आणि आजी पुन्हा पूर्वीसारखीच परावलंबी राहते. आमची विनंती अशी की, फोन आजीच्याच हातात राहू द्यावा आणि बटणावर बोटही तिचेच पडू द्यावे. तिने पिन टाकताना तुम्ही तोंड फिरवावे. वेळ लागेल, दोनदा-तीनदा सांगावे लागेल. पण एकदा शिकलेली गोष्ट ती शेजारणीला शिकवील.

प्रत्येक घरात वहीचे एक पान राखून ठेवावे. त्यावर आयएमईआय क्रमांक, बिल कोठे ठेवले आहे ती जागा, मोबाईल कंपनीचा व बँकेचा मदत क्रमांक, १९३० आणि संकटसमयीचा ११२ एवढे मोठ्या अक्षरांत लिहावे. यूपीआयचा व कुलपाचा पिन मात्र या पानावर लिहू नये. आपल्या संस्थेच्या सभागृहात एखाद्या रविवारी पाच-सहा विद्यार्थ्यांनी बसून दहा ज्येष्ठांचे असे पान भरून दिले आणि कोणाच्या बँकेत कोणाचा नंबर आहे एवढे जरी तपासले, तरी पुष्कळ कार्य होईल. हे काम याच महिन्यात सुरू करावे, असे आम्ही सुचवितो.