उणे तीसमध्ये गाडीची बॅटरी चार्ज करताना

कॅलगरी, एडमंटन आणि विनिपेगमध्ये मुरलेल्या मराठी घरांना आम्ही विचारलं, पहिल्या हिवाळ्याबद्दल नवीन मंडळींना काय सांगाल? जॅकेट आणि बुटांवर दहा घरी दहा मतं निघाली. गाडीच्या बॅटरीवर मात्र सगळे एका सुरात बोलले. डिसेंबरात भारतवारीला जायचं, महिनाभराने परतायचं, किल्ली फिरवायची आणि आतून नुसतं टक-टक ऐकायचं, हे बहुतेकांना चांगलंच ठाऊक आहे.

बॅटरी बिचारी काय करणार? उणे १८ अंशांना तिची ताकद साधारण निम्म्यावर येते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. त्यात ऑफिस दहा मिनिटांवर, सीट गरम, मागची काच गरम. एवढ्याशा फेरीत खर्च झालेलं भरून निघत नाही. शेजाऱ्याकडून बूस्ट (जंप-स्टार्ट) घेतला की गाडी सुरू होते, पण बॅटरी रिकामी ती रिकामीच. ती नीट भरायला घरच्या सॉकेटवर चालणारा चार्जर हवा.

तो इथेच घ्या. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा चार्जर इथल्या १२० व्होल्टवर धड चालायचा नाही. अंगावर सीएसए किंवा सीयूएलचा शिक्का बघा. नेहमीच्या ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ४ अँपिअरचा स्मार्ट चार्जर पुरतो. पार उतरलेली बॅटरी भरायला त्याला रात्र आणि वर अर्धा दिवस लागेल, तर लागू दे. घाई करणारा मोठा चार्जर बॅटरी तापवतो. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांमध्ये बहुधा एजीएम किंवा ईएफबी जातीची बॅटरी असते. लेबल वाचून चार्जरवर तोच पर्याय निवडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोठलेली बॅटरी कधीही चार्ज करू नका, तिला बूस्टही देऊ नका. ती फुटू शकते. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५०लाही गोठत नाही, पण पार उतरलेली उणे दहाच्या आसपासच गोठू लागते. डब्याच्या बाजू फुगल्यात का, कुठे तडा गेलाय का, हे टॉर्च मारून बघा. शंका आली तर बॅटरी काढून उबदार गॅरेजमध्ये ठेवा आणि पूर्ण वितळू द्या. वजन १५ ते २० किलो असतं, कंबर सांभाळा. तडा दिसला तर ती बाद समजा.

बॉनेट उघडण्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा आणि मंगळसूत्र स्वेटरच्या आत घाला. हे सांगताना एक काकू फारच आग्रही होत्या, आणि त्यांचं बरोबर आहे. पाना धरलेल्या हातातली सोन्याची बांगडी एकीकडे प्लस टर्मिनलला आणि दुसरीकडे गाडीच्या पत्र्याला टेकली, तर क्षणात लाल होते. डोळ्यांवर गॉगल हवाच, आत गंधकाम्ल आहे.

क्रम असा. गाडी बंद, चार्जरचा प्लग बाहेर. लाल चिमटा प्लसवर. काळा चिमटा मायनस टर्मिनलवर न लावता बॅटरीपासून लांब, इंजिनच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या धातूवर. मगच प्लग. काढताना उलट: आधी प्लग, मग काळा, शेवटी लाल. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी उडालीच तर ती त्यापासून दूर उडावी, म्हणून हा खटाटोप. गॅरेजचं दार थोडं उघडं ठेवा, जवळ सिगारेट नको. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल, तर चार्जर कुठे जोडायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं.

अपार्टमेंटच्या पार्किंगमधले खांबावरचे सॉकेट इंजिन उबदार ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरसाठी असतात. बऱ्याच ठिकाणी वीज वाचवायला ते टायमरवर चालू-बंद होतात. काही चार्जर वीज परत आल्यावर आपणहून सुरू होत नाहीत, त्यामुळे सकाळी दिवा बघून या. वायर बाहेरच्या वापराची आणि थंडीत लवचिक राहणारी घ्या. घरातली पांढरी वायर उणे तीसला कडक होऊन चिरते.

चार्जर काढून काही तास गेल्यावर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरली, १२.२ म्हणजे निम्मी. रात्रभरात पुन्हा १२च्या खाली गेली, तर एकतर गाडीत काहीतरी वीज खातंय किंवा बॅटरीचं आयुष्य संपलंय.

भारतवारीला निघताना काय करावं, यावर मात्र एकमत झालं नाही. काहीजण दहाचा पाना घेऊन मायनसची वायर काढून जातात. परतल्यावर रेडिओ आणि काचांची सेटिंग पुन्हा लावावी लागतात. आमच्या मते स्वतःचं गॅरेज असेल तर बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा मेंटेनर लावून जाणं बरं, नसेल तर पाना आहेच.

बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर फार झुंजू नका. पार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत ती फुकट तपासून देतात. नवीन घेताना बिलात ‘कोअर चार्ज’ म्हणून काही डॉलर लावतात. जुनी बॅटरी नेऊन दिली की ते परत मिळतात, म्हणून पावती जपून ठेवा.