भावाची रेषा आणि सरासरीची रेषा



आपल्या ईश्वरपूर (पूर्वीचें इस्लामपूर) भागांत ऊंस आणि हळद हीं दोन नगदी पिकें घरोघर परिचयाचीं आहेत. परंतु त्यांचा भाव ठरण्याची रीत अगदीं निराळी आहे. ऊंसाला कारखान्यानें निदान किती दर दिला पाहिजे, हें केंद्र सरकार हंगामापूर्वी जाहीर करतें. हळदीला असा आधार नाहीं. तिचा भाव सांगलीच्या बाजारांत सौद्यांत ठरतो, आणि आजचा भाव उद्यां टिकेलच असें कोणी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. म्हणून हळद काढून, शिजवून, वाळवून व पॉलिश करून झाली म्हणजे घरांत एकच प्रश्न उभा राहतो: आतां विकावी, कीं ठेवावी?

हळद ठेवतां येते, हेंच या प्रश्नाचें मूळ होय. कोथिंबीर आज विकली नाहीं तर उद्यां ती फेकून द्यावी लागते. हळदीचें तसें नाहीं. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर गांव आहे. तेथें जमिनींत खोल पेवें खोदून त्यांत हळद सांठविण्याची जुनी पद्धत होती. पेवाचें तोंड नीट बंद केलें म्हणजे आंत हळद दीर्घकाळ टिकत असे. आतां गुदामें व शीतगृहें झालीं आहेत. परंतु माल ठेवण्याची सोय असणें निराळें आणि तो केव्हां विकावा हें समजणें निराळें. २०१० सालीं हळदीचा भाव क्विंटलला पंधरा हजार रुपयांच्या वर चढला होता. २०१२ च्या आरंभीं तोच पांच हजारांच्याही खालीं आला. चढता भाव पाहून ज्यांनीं आणखी चढेल या आशेनें माल धरून ठेवला, त्यांच्या मालाचा एक कणही सडला नाहीं. तरी त्याचें मोल तिसऱ्या हिश्शावर आलें.

अशा प्रसंगीं माणसाला वाटतें कीं, भावाचें वळण आधीं ओळखण्याची कांहीं युक्ति असती तर किती बरें झालें असतें! ही इच्छा जुनीच आहे. हल्लीं मात्र तिला नवें साधन मिळालें आहे. मोबाइलवर बोट ठेवलें कीं हळदीच्या वायद्याचा अथवा एखाद्या कंपनीच्या शेअरचा आलेख समोर येतो, आणि त्यावर रंगीबेरंगी रेषा ओढलेल्या असतात. त्यांना टेक्निकल इंडिकेटर म्हणतात. त्यांपैकीं पुष्कळांच्या मुळाशीं इयत्ता सहावी-सातवींतील सरासरीचें गणित आहे. तें गणित काय सांगतें व काय सांगत नाहीं, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम भावाची रेषा वेडीवांकडी कां असते तें पाहूं. एके दिवशीं बाजारांत आवक थोडी होते, दुसऱ्या दिवशीं गाड्यांची रांग लागते. एके दिवशीं आलेला माल चांगला वाळलेला असतो, दुसऱ्या दिवशीं त्यांत ओल असते. कधीं मोठा खरीददार गैरहजर असतो, तर कधीं निझामाबाद किंवा इरोड येथील बाजाराची वार्ता येते. या लहानसहान कारणांनीं भाव रोज वर-खालीं होतो. परंतु त्याच वेळीं एक मोठें कारणही हळूहळू काम करीत असतें. उदाहरणार्थ, यंदा लागवडच कमी झाली आहे, अथवा मागचा शिल्लक सांठा फार आहे. लहान कारणांचा गलबला बाजूला सारून मोठ्या कारणाची चाल पाहणें, यासाठीं सरासरीचा उपयोग करतात.

आपण सोयीसाठीं दहा दिवसांचे कल्पित भाव घेऊं. क्विंटलचा दर रुपयांत अनुक्रमें असा समजा:

१३२००, १३५००, १३१००, १३६००, १३३००, १३७००, १३५००, १३९००, १३६००, १४०००.

या दहा दिवसांत भाव चार वेळां उतरला आहे. तिसऱ्या, पांचव्या, सातव्या आणि नवव्या दिवशीं घरांत चिंता पसरली असेल. आतां पहिल्या पांच दिवसांची बेरीज करा. ती ६६७०० येते. पांचांनीं भागल्यास सरासरी १३३४०. सहाव्या दिवशीं पहिल्या दिवसाचा भाव सोडून द्यावा व सहाव्याचा मिळवावा. सरासरी १३४४० येते. याप्रमाणें रोज एक जुना भाव सोडीत व एक नवा घेत गेल्यास पांचव्या दिवसापासून दहाव्यापर्यंत सरासऱ्या अशा येतात:

१३३४०, १३४४०, १३४४०, १३६००, १३६००, १३७४०.

हिला सरकती सरासरी म्हणतात. पाहा, ही रेषा एकदांही खालीं आली नाहीं! वरचा गलबला नाहींसा झाला आणि चढती चाल तेवढी राहिली. डहुळलेल्या पाण्यावर तुरटी फिरवावी व गाळ खालीं बसावा, तसेंच हें झालें.

परंतु गणितांत कोणतीही गोष्ट फुकट मिळत नाहीं. दहाव्या दिवसानंतर भाव उलटला व रोज दोनशें रुपयांनीं उतरूं लागला असें समजा. अकराव्या दिवशीं १३८००, बाराव्या दिवशीं १३६००, तेराव्या दिवशीं १३४००, चौदाव्या दिवशीं १३२००. आतां सरासरी काढा. अकराव्या दिवशीं ती १३७६० येते, बाराव्या दिवशीं १३७८०. भाव दोन दिवस घसरत आहे, आणि सरासरी मात्र चढतच आहे! तेराव्या दिवशीं ती १३६८० होते व प्रथमच खालीं वळते. तोंपर्यंत भाव शिखरावरून सहाशें रुपये उतरलेला असतो. वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच.

हा दोष आपल्या हिशेबाचा नव्हे. तो सरासरीच्या स्वभावांतच आहे. पांच दिवसांच्या सरासरींत आजचा भाव एक आणि मागचे चार. त्यांचा मध्य दोन दिवसांपूर्वीचा. म्हणून ती दोन दिवस मागें चालते. एकवीस दिवसांची सरासरी घेतली तर रेषा फार सुरेख गुळगुळीत होते, पण ती दहा दिवस मागें राहते. नियम असा कीं, जितक्या दिवसांची सरासरी असेल त्यांतून एक वजा करून निम्मे करावें, म्हणजे मागें राहण्याचे दिवस मिळतात. गुळगुळीतपणा हवा तर उशीर सोसावा लागतो, आणि उशीर नको तर गलबला सोसावा लागतो.

हा उशीर कमी करण्यासाठीं गणितज्ञांनीं एक तोड काढली. सर्व दिवसांना सारखें वजन न देतां नव्या भावाला अधिक व जुन्याला कमी वजन द्यावयाचें. तिची सोपी रीत अशी: कालची सरासरी घ्यावी, आजच्या भावाशीं तिचा फरक काढावा, आणि त्या फरकाचा ठराविक हिस्सा, समजा पांचवा, तिच्यांत मिळवावा. कालची सरासरी १३५०० व आजचा भाव १४००० असेल तर फरक ५००. त्याचा पांचवा हिस्सा १००. नवी सरासरी १३६००. जुने आंकडे जपून ठेवण्याचेंही कारण नाहीं. ही रेषा वळणावर कांहींशी लवकर जागी होते. पण तीही भावाच्या मागूनच येते, पुढें जात नाहीं.

दुसरी एक अडचण आहे. कधीं एखाद्या दिवशीं अगदीं हलका माल येतो, किंवा लिहिणाऱ्याच्या हातून आंकडा चुकतो. समजा भाव असे मांडले आहेत: १३४००, १३५००, ९५००, १३६००, १३५००. यांची सरासरी १२७०० येते. या पांच दिवसांत त्या भावाच्या जवळपास एकही सौदा झालेला नाहीं! एका खोट्या आंकड्यानें चार खऱ्यांना ओढून नेलें. येथें सरासरी न काढतां भाव चढत्या क्रमानें मांडावे व मधला घ्यावा. तो १३५०० येतो, आणि तोच खऱ्या स्थितीच्या जवळ आहे. यास मध्यक म्हणतात. कोणतें साधन कोठें वापरावें हें आंकड्यांचा स्वभाव पाहून ठरवावें लागतें.

आतां पालकांनीं व मोठ्या मुलांनीं विशेष लक्ष द्यावें अशा दोन गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट अशी. एखाद्या जाहिरातींत गेल्या वर्षाचा आलेख दाखवितात, आणि त्यावरील रेषा प्रत्येक वळण अचूक पकडते असें दिसतें. तेथें एक प्रश्न विचारावा: ही रेषा काढतांना पुढच्या दिवसांचे भाव वापरले आहेत काय? दहाव्या दिवसाची सरासरी आठव्यापासून बाराव्यापर्यंतच्या भावांवरून काढली तर ती मागें राहत नाहीं, बरोबर दहाव्या दिवसावर बसते. इतिहासाच्या अभ्यासाला ही रीत चांगली आहे. पण दहाव्या दिवशीं बाजारांत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला अकरावा व बारावा दिवस कोठून मिळावा? उत्तरपत्रिका हातांत ठेवून दिलेली ती परीक्षा आहे.

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. युजेन स्लुत्स्की या गणितज्ञानें १९२७ सालीं रशियांतील सरकारी लॉटरींत निघालेले आंकडे घेतले. त्यांत कोणताही क्रम असणें शक्य नव्हतें. त्यांवर सरकत्या बेरजा केल्या, तेव्हां त्यांतून व्यापारांतील तेजी-मंदीसारख्या सुरेख लाटा उमटल्या! म्हणजे गुळगुळीत रेषेवर दिसणारी प्रत्येक लाट बाजारांतील असतेच असें नाहीं. कित्येकदां ती गुळगुळीत करण्याच्या क्रियेनेंच निर्माण झालेली असते. हा प्रयोग घरीं करून पाहा. एक नाणें शंभर वेळां उडवा. छापा पडला तर एक, कांटा पडला तर शून्य लिहा. मग दहा-दहांची सरकती सरासरी काढून आलेख काढा. तुम्हांला चढ, उतार, शिखरें, दऱ्या सर्व कांहीं दिसेल. आणि नाण्याला तर यांतलें कांहींच ठाऊक नाहीं.

मोबाइलवरील रेषांच्या भरंवशावर पैसा लावणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. सेबी या सरकारी नियामक संस्थेनें २०२४ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरबाजारांतील वायदे व ऑप्शन यांच्या व्यवहारांत एक कोटीहून अधिक व्यक्ति उतरल्या होत्या. त्यांपैकीं ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. यांतील पुष्कळांजवळ आलेख नव्हते असें नाहीं.

मग सरासरी निरुपयोगी आहे काय? मुळींच नाहीं. ती भविष्य सांगत नाहीं, एवढेंच. काल भाव दोनशेंनीं उतरला म्हणून घाबरून सर्व माल काढूं नये, आणि आज तीनशेंनीं चढला म्हणून हुरळून जाऊं नये, हा धीर ती देते. बारा महिन्यांची सरासरी घेतली तर हंगामांतील आवकेमुळें होणारा नेहमींचा चढउतारही त्यांत मिसळून जातो, व या वर्षाची चाल मागच्या वर्षाहून खरोखर निराळी आहे कीं काय तें कळतें.

शिवाय तिचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याला आलेखही लागत नाहीं. एखाद्या घरीं चाळीस क्विंटल हळद आहे. शिखर कधीं येईल हें कोणालाच सांगतां येत नाहीं. तेव्हां त्यानें दर महिन्याला दहा क्विंटल याप्रमाणें चार हप्त्यांत ती विकली. भाव मिळाले १२०००, १५०००, १३००० आणि १४०००. त्याला सरासरी १३५०० पडले. सर्व माल १५००० नें गेला असता तर बरें झालें असतें, हें खरें. पण सर्व १२००० नें गेला असता तर मुलीची फी किंवा कर्जाचा हप्ता अडला असता, हेंही तितकेंच खरें. त्यानें भावाची सरासरी कागदावर काढली नाहीं, व्यवहारांत उतरविली. अर्थात् ठेवलेल्या मालाचें भाडें, कर्जाचें व्याज व वजनांतील घट यांचा हिशेब त्यानें त्याच वहींत मांडला पाहिजे. नाहींतर सरासरी चांगली दिसेल आणि हातीं कमी येईल.

विद्यार्थ्यांनीं येत्या हंगामांत एवढें अवश्य करावें. बाजारसमितीच्या दरपत्रकांत किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात. त्यांपैकीं सर्वसाधारण दर सौद्याच्या प्रत्येक दिवशीं एका वहींत लिहून ठेवावा. चौकटीच्या कागदावर भावाची रेषा काळ्या शाईनें आणि पांच सौद्यांच्या सरासरीची रेषा तांबड्या शाईनें काढावी. महिनाअखेर वडिलांजवळ बसून तो कागद दोघांनीं मिळून पाहावा. काय होऊन गेलें हें तांबडी रेषा स्वच्छ सांगेल. पुढें काय करावें, हें मात्र घरांतील गरज, डोक्यावरील कर्ज आणि गुदामांतील माल पाहून तुम्हांलाच ठरवावें लागेल.