अर्थसंकल्पाची वाटाघाट आणि पोलिसांची पदे

राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळात सादर झाला की वृत्तपत्रांतून करांची आणि नव्या योजनांची चर्चा होते. आपल्या पोलीस ठाण्यात किती शिपाई असतील, त्यांना रजा मिळेल काय, राहावयास घर असेल काय, या गोष्टीही त्याच कागदपत्रांत ठरत असतात, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत 'सार्वजनिक सुव्यवस्था' व 'पोलीस' या पहिल्या दोन नोंदी आहेत. त्यामुळे पोलीस दलाच्या वेतनाचा भार मुख्यत्वे राज्याच्याच तिजोरीवर पडतो.

या विषयाला आणखी एक बाजू आहे. इतर शासकीय कर्मचारी संघटनेच्या द्वारे आपल्या मागण्या मांडू शकतात, प्रसंगी संपही करतात. पोलिसांना ती मुभा नाही. १९६६ च्या केंद्रीय अधिनियमान्वये पोलीस दलातील व्यक्तींच्या संघटना-स्वातंत्र्यावर निर्बंध आहेत. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये पोलिसांचे आंदोलन झाले, तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. ज्यांना स्वतः वाटाघाटीस बसता येत नाही, त्यांच्या वतीने कोणीतरी हिशेब नीट मांडणे अगत्याचे ठरते.

वाटाघाट कोठे होते?

खरी वाटाघाट सभागृहापूर्वीच होऊन गेलेली असते. घटक कार्यालये आपले अंदाज पोलीस महासंचालकांच्या कार्यालयाकडे पाठवितात. तेथून ते गृह विभागाकडे व पुढे वित्त विभागाकडे जातात. चालू वर्षाचे आठमाही सुधारित अंदाजही याच वेळी तपासले जातात. अस्तित्वात असलेल्या पदांचे वेतन हा अनिवार्य खर्च समजला जातो. नवीन ठाणे, नवीन पदे वा नवा भत्ता यांसाठी मात्र स्वतंत्र प्रस्ताव लागतो. पदनिर्मितीचा प्रस्ताव वित्त विभागाची सहमती आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता या पायऱ्यांवरून जातो.

मार्च महिन्यात 'पोलीस' या २०५५ क्रमांकाच्या मुख्य लेखाशीर्षाखालील रक्कम गृह विभागाच्या मागणीतून विधानसभेपुढे येते. संविधानाच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा तीत कपात करू शकते. तीत वाढ करू शकत नाही. सदस्य कपात सूचनेच्या निमित्ताने गाऱ्हाणे मांडू शकतात, पण मतदानाने एक शिपाईही वाढविता येत नाही. म्हणून तालुक्याची गरज मार्चमध्ये मांडणे म्हणजे पेरणी उलटून गेल्यावर बियाणे शोधण्यासारखे आहे.

मंजूर पद आणि भरलेले पद

पदाला तीन टप्पे पार करावे लागतात. प्रथम ते आकृतिबंधात मंजूर व्हावे लागते. दुसरे, त्याच्या वेतनाची तरतूद व्हावी लागते. तिसरे, भरतीची परवानगी मिळून माणूस निवडला जावा आणि प्रशिक्षण संपवून ठाण्यात रुजू व्हावा लागतो. या तिन्हींत वर्षांचे अंतर पडू शकते. रिक्त पदाचे वेतन द्यावे लागत नाही, म्हणून तिजोरीवर ताण असताना भरती लांबणीवर टाकणे हा बचतीचा सोपा मार्ग वाटतो. पण त्या पदाचे काम रिक्त राहत नाही. ते शेजारच्या शिपायाच्या वाट्याला येते.

२०२० साली याचा अनुभव आला. कोविडच्या साथीत महसूल घटला. मार्च महिन्याचे वेतन दोन टप्प्यांत देण्याचे शासनाने ठरविले. मात्र बंदोबस्तावरील पोलिसांना व आरोग्य कर्मचाऱ्यांना ते पूर्ण देण्याचा निर्णय लगेच झाला. त्यानंतर ४ मे २०२० च्या निर्णयान्वये विभागांच्या विकास खर्चात ६७ टक्के कपात झाली आणि सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण हे विभाग वगळता नवीन भरती थांबविण्यात आली. पोलिसांच्या हाती पूर्ण वेतन पडले. मदतीला नवा माणूस मात्र लवकर आला नाही. २०१९ मध्ये जाहिरात निघालेल्या शिपाई भरतीची लेखी परीक्षा २०२१ मध्ये होऊ शकली. मधल्या काळात ज्यांचे वय उलटून गेले, त्यांना पुढील भरतीत एक वेळची सवलत द्यावी लागली.

एका मानधनाचा हिशेब

पंचायत सदस्यांच्या परिचयाचे उदाहरण पोलीस पाटलांचे आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमल्या जाणाऱ्या पोलीस पाटलांचे मानधन २०१९ मध्ये दरमहा ६,५०० रुपये झाले आणि मार्च २०२४ मध्ये ते १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. वाढ दरमहा ८,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १,०२,००० रुपये. राज्यातील ३८,७२५ पदे भरलेली धरली तर अतिरिक्त खर्च वर्षाला सुमारे ३९५ कोटी रुपये होतो. एका गावच्या दृष्टीने लहान दिसणारी रक्कम राज्याच्या दृष्टीने केवढी होते आणि ती एकदाच नव्हे, तर दरवर्षी द्यावयाची असते, हे यावरून ध्यानात येईल. त्या वर्षी अंतरिम अर्थसंकल्प २७ फेब्रुवारीस व अतिरिक्त अर्थसंकल्प २८ जूनला मांडला गेला. मधल्या काळात झालेल्या अशा निर्णयाची तरतूद पूर्ण अर्थसंकल्पातून वा पुरवणी मागणीतूनच होऊ शकते.

गृहरक्षक दलाच्या जवानांचा दैनिक कर्तव्यभत्ताही २०२४ मध्ये ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये करण्यात आला. ही वाढ रास्तच होती. परंतु दर जवळजवळ दुप्पट झाला असता एकूण तरतूद तेवढीच राहिली, तर जवानांना बोलावण्याचे दिवस निम्म्यावर येतील. दराबरोबर तरतूदही पाहावी लागते ती यासाठी.

कागदावर खर्च नसलेल्या सवलती

काही सवलतींसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळ नसते. शिपाई ते निरीक्षक या दर्जांच्या नैमित्तिक रजा २०२२ मध्ये १२ वरून २० करण्यात आल्या. ४५ माणसांच्या ठाण्यात ८ जादा दिवस म्हणजे ३६० मनुष्यदिवस; एका माणसाच्या वर्षभराच्या कामाहून अधिक. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. बारा तासांच्या पाळीत जेथे दोघे लागतात, तेथे आठ तासांच्या पाळीत तिघे लागतात. मनुष्यबळ न वाढविता दिलेली रजा अर्जावर मंजूर असते आणि बंदोबस्त लागला की रद्द होते.

घरांचेही असेच आहे. पोलीस निवासस्थानांसाठी १९७४ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. तरीही बांधकामाची गती त्याला मिळणाऱ्या निधीवर अवलंबून राहते. जिल्हा योजनेतून वाहन मिळाले, तरी चालकाचे पद व इंधनाचा खर्च गृह विभागाच्याच तरतुदीतून भागवावा लागतो.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न तर गृह विभागाच्या मागणीत दिसतच नाही. तो खर्च वित्त विभागाकडे असतो. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्या कर्मचाऱ्यांना अंशदायी योजना लागू झाली. पोलीसही तीत आले. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचारी व शिक्षकांनी संप केला, त्यात पोलिसांना उतरता येण्यासारखे नव्हते. इतरांच्या वाटाघाटीत जे ठरेल, ते त्यांच्याही वाट्याला येते.

काय पाहावे?

आपल्या ठाण्याविषयी पुढील प्रश्न अधिकारी व लोकप्रतिनिधींनी दरवर्षी विचारावेत: मंजूर पदे किती? प्रत्यक्ष रुजू किती? प्रतिनियुक्तीवर वा अन्यत्र बंदोबस्तावर किती? नव्या पदांचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे? जाहीर झालेल्या सवलतीचा शासन निर्णय निघाला काय आणि तिची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे? हे प्रश्न दिवाळीच्या सुमारास, अंदाज तयार होत असताना विचारले, तर उत्तराचा काही उपयोग होतो. शिक्षकांना हा विषय नागरिकशास्त्राच्या तासाला घेता येईल. वर्गातील मुलांनी जवळच्या ठाण्याच्या आकड्यांवरून आठ तासांच्या पाळीचे गणित मांडले, तर अर्थसंकल्प म्हणजे काय, हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.